गणपतीला चकाकणारं दार मे महिन्यात का सोलतं?

आमच्या पुढच्या दाराला नऊ वर्षांत चार वेळा पॉलिश झालं, आणि चारही वेळा श्रावणात. गणपतीला मुंबईहून माणसं यायची असतात, दार कळकट दिसायला नको, म्हणून नागपंचमी झाली की पॉलिशवाल्याला निरोप जायचा. चतुर्थीला दार आरशासारखं लख्ख. दिवाळीपर्यंत खालच्या बाजूला दुधाळ डाग. आणि मे महिन्यात कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे, नखाने ओढले की वीतभर निघून येणारे. दर वेळी आम्हाला वाटायचं की वार्निशच हलकं निघालं, म्हणून पुढच्या वेळी आणखी महाग डबा. चौथा डबा दुकानातला सगळ्यात महाग होता आणि तोच सगळ्यात लवकर सोलला.

त्यानंतर मी दार बिजागऱ्यांवरून उतरवून घेतलं. नवरात्र संपलं होतं, पाऊस थांबून आठ-दहा दिवस झाले होते. ओटीवर आडवं घातल्यावर पहिल्यांदाच त्याची खालची कड दिसली. उंबरठ्याकडे असणारी ती दीड इंचाची कड कोरी होती. चार पॉलिशांपैकी एकाचाही हात तिला लागला नव्हता. करवतीच्या खुणा तशाच, त्यांत माती भरलेली, लाकूड काळं पडलेलं. अंगठा दाबला तर थंड आणि ओलसर लागत होतं.

सगळी गोम तिथेच होती. लाकूड आडव्या अंगाने पाणी सावकाश घेतं, पण टोकाकडून, जिथे त्याच्या उभ्या नळ्या कापलेल्या असतात तिथून, घटाघटा ओढतं. दाराच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांची टोकं खाली उघडी. पागोळ्यांचं पाणी उंबरठ्यावर उडतं, दार ते खालून पितं, आणि पुढच्या बाजूला वार्निशचा जाड थर असल्यामुळे ते पाणी बाहेर पडायला वाट नाही. ऊन पडलं की आतली वाफ थराला उचलते. थर जितका जाड आणि कडक, तितका तो लवकर सुटतो. म्हणून महाग डबा आधी सोलला.

तेव्हापासून आमच्या आळीतली दारं, झोपाळे, कपाटं यांत मी हात घालत आले आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीकडच्या घरांत त्याच त्या तक्रारी फिरून येतात, आणि डबा बदलून त्या सुटत नाहीत. आधी तक्रार कोणती ते नीट ओळखावं लागतं. सोलणं, चिकट राहणं आणि पांढरं पडणं हे तीन वेगळे आजार आहेत.

आधी अंगावर काय आहे ते बघा

नवा डबा आणण्याआधी जुन्या थराची जात ओळखा. दिसणार नाही अशा जागी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मिनिटभर दाबून धरा. थर मऊ पडून बोळ्याला तांबूस चिकटला तर ती लाख, म्हणजे फ्रेंच पॉलिश. काही झालं नाही तर तसाच बोळा लॅकरच्या थिनरचा लावा. आता विरघळलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन (रेझिनचं कडक पॉलिश) किंवा टू-पॅक पीयू, म्हणजे मुख्य भाग आणि त्याला पक्कं करणारा हार्डनर मिसळून लावायचं पॉलियुरेथेन. जुन्या वाड्यांतल्या कपाटांवर बहुधा लाख निघते, गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या फर्निचरवर बहुधा मेलामाइन.

याचा उपयोग असा, की लाखेवर लाख थेट बसते. नवा हात जुन्याला थोडा विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात. मेलामाइन किंवा पीयूवर मात्र नवा हात नुसता वर बसतो. खालचा थर ३२० नंबरच्या सँडपेपरने घासून मंद केला नाही, तर नव्याला धरायला काही नसतं. चकचकीत जुन्या थरावर तसाच नवा हात मारला असेल, तर तो सुटणार हे सांगायला पंचांग नको.

पकड तपासायची एक सोपी रीत आहे. ब्लेडने जुन्या थरावर फुलीसारख्या चार-पाच रेघा ओढा, त्यावर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर तुकडे आले तर वरून काहीही लावण्यात अर्थ नाही, सगळं खरवडून लाकडापर्यंत जावं लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, पॉलिशवाले ते टाळतात, आणि निम्मी दुखणी त्या टाळण्यातून आलेली असतात.

सोलतंय: बाहेरच्या लाकडाला घरातलं वार्निश

बाहेरच्या दारावर मेलामाइन किंवा एनसी लॅकर नको. हे मी जितक्या ठामपणे सांगता येईल तितक्या ठामपणे सांगते. दोन्ही थर कडक असतात. घरात कपाटावर ते शोभतात, पण दारात लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि कडक थराला त्याच्याबरोबर हलता येत नाही. पॅनेल जिथे चौकटीत बसतं त्या खाचेपाशी बघा. मे महिन्यात तिथे केसाएवढी फिकट रेघ दिसते. लाकूड आकसून आत सरकलं आणि थर तुटला, त्याची ती खूण. जूनचं पहिलं पाणी त्याच रेघेतून आत जातं.

दुसरा मारा उन्हाचा. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं आणि लाकडाच्या सगळ्यात वरच्या तंतूंना बांधून ठेवणारा भाग कुजवतं. मग वार्निश शाबूत असूनही खालून सुटतं, कारण ते ज्याला धरून होतं तेच भुसभुशीत झालेलं असतं. सोललेल्या पापुद्र्याची आतली बाजू बघा. तिला बारीक लाकडी भुरा चिकटलेला असेल तर दोष उन्हाचा. आतली बाजू काचेसारखी स्वच्छ असेल तर थराने कधी धरलंच नव्हतं, म्हणजे दोष घासाईचा किंवा ओलाव्याचा.

म्हणून बाहेरच्यासाठी डबा घेताना दोन गोष्टी बघा: तो बाहेरच्या वापराचा आहे असं डब्यावर छापलेलं हवं, आणि उन्हापासून राखणारं द्रव्य त्यात असल्याचा उल्लेख हवा. त्यातही दोन वाटा आहेत. एक, होड्यांच्या लाकडासाठी बनतं तसं तेलाच्या अंगाचं, लवचीक वार्निश. ते सावकाश वाळतं, थोडं पिवळसर दिसतं, पण लाकडाबरोबर ताणतं, आणि पुढे दुरुस्ती करताना पेपर मारून वर एक हात दिला की भागतं. दुसरी, बाहेरच्या दर्जाचं टू-पॅक पीयू. ते जास्त टिकतं, मात्र त्याचा हार्डनर न पिवळणारा हवा आणि काम करणारा हात सरावलेला हवा. घरच्या घरी ब्रशने करणार असाल तर मी पहिली वाट सांगेन. माझ्या स्वतःच्या दारावर तीच आहे.

लावताना पहिला हात टर्पेंटाइनने थोडा पातळ करून द्या, म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढचे हात घट्ट. आणि दार उतरवूनच करा. खालची आणि वरची कड, कुलपाचं भोक, बिजागरीच्या खाचा, सगळीकडे हात फिरू द्या. खालच्या कडेला तर मी पाच हात देते, आधीचा मुरून वाळला की पुढचा, तिने पिणं बंद करेपर्यंत. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एकच असं करू नका, त्याने दार पिळवटतं. सात फुटी एकेरी दाराला दोन्ही बाजूंनी तीन हात द्यायला साधारण लिटरभर वार्निश पुरतं.

खिळ्यांभोवती काळे-निळे डाग असतील तर ते वार्निशचे नाहीत. लोखंड, पाणी आणि लाकडातला तुरट अंश मिळून ती शाई तयार होते. पॉलिश करण्याआधी ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने ते उतरतात. हातमोजे घाला, ते विषारी आहे, आणि नंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून पूर्ण वाळू द्या. पुन्हा जोडताना पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू वापरा.

चिकट राहतंय: आठवडा झाला तरी बोट उमटतं

ही तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते, आणि हिच्यात डब्याला सर्वांत जास्त शिव्या बसतात. माझ्या जेवणाच्या टेबलाचं असंच झालं होतं. टू-पॅक पीयू, मोजून मिसळलेलं, तरी पंधरा दिवसांनी नख रुतत होतं. ताट ठेवलं की त्याची कड उमटायची. कारण सापडलं ते रिकाम्या बाटलीत. दुकानातून थिनर सुटं दिलेलं होतं, 'सगळ्याला चालतं' असं सांगून. ते लॅकरचं थिनर होतं. लॅकरच्या थिनरमध्ये बहुधा अल्कोहोलच्या जातीची द्रव्यं असतात, आणि पीयूचा हार्डनर मुख्य भागाशी जुळायचं सोडून त्यांनाच जाऊन चिकटतो. उरलेला थर कायम कच्चा. तो पुढे कितीही दिवस ठेवला तरी पक्का होत नाही, खरवडूनच काढावा लागतो. मी दोन दिवस पत्ती घेऊन तेच केलं.

तेव्हा पीयूला त्याच कंपनीचं, पीयूसाठीच असलेलं, सीलबंद थिनर. इथे पन्नास रुपये वाचवू नका.

हार्डनरचा डबाही बघून घ्या. हलवून बघा, आत पाण्यासारखं हललं पाहिजे. मधासारखं जड वाटलं किंवा झाकणाभोवती पांढरी साय धरलेली दिसली, तर हवेतला ओलावा त्याने आधीच ओढला आहे. ओलाव्याशी त्याची गाठ पडली की वायू सुटतो, म्हणूनच पावसाळ्यात मारलेल्या पीयूत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. एकदा उघडलेला हार्डनर पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका. मिसळायचं प्रमाण कुणी वजनावर देतं, कुणी मापावर. डब्यावर जे लिहिलंय ते वाचून तसंच मोजा. 'झाकणभर' या मापाने मिसळलेलं मी बरंच खरवडलं आहे.

सागवानाची आणखी एक खोड आहे. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळेच त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि त्याच तेलामुळे तेलाच्या अंगाचं वार्निश वाळायला रेंगाळतं. उपाय सोपा: शेवटची घासाई झाली की ॲसिटोन किंवा चांगल्या थिनरने ओलसर केलेल्या स्वच्छ सुती फडक्याने सगळं पुसा, फडकं पिवळं व्हायचं थांबेपर्यंत. आणि मग अर्ध्या तासात पहिला हात. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर आतलं तेल परत वर येतं.

लाखेचं पॉलिश चिकट राहत असेल तर बाटली शिळी आहे. स्पिरिटात विरघळवलेली लाख काही महिन्यांत आपली वाळायची ताकद गमावते. म्हणून तयार बाटलीपेक्षा चपडा, म्हणजे लाखेच्या कोरड्या पापड्या, आणून लागेल तेवढाच भिजवावा. थेंबभर काचेवर टाकून बघा, तासाभरात नखाला लागणार नाही इतका वाळला पाहिजे.

एक चिकटपणा वेगळाच असतो. खुर्चीच्या पाठीचा वरचा भाग, झोपाळ्याचा हात टेकायची कड, कपाटाच्या मुठीभोवती हातभर जागा, एवढीच चिकट आणि काळपट, बाकी सगळं ठीक. तिथे खोबरेल तेल आणि घाम वर्षानुवर्षं मुरलेला असतो. लाख आणि लॅकर त्याने हळूहळू मऊ पडतात. आमच्या आजेसासूबाईंच्या आरामखुर्चीला डोकं टेकायच्या जागी ओंजळीएवढा गोल होता. साबणाच्या कोमट पाण्याने पुसलं, थर निघून आला, तेवढाच भाग लाकडापर्यंत नेऊन थिनरने पुसला आणि तिथे पीयू दिलं. हात, डोकं, ताट, पाणी जिथे रोज लागतं तिथे टू-पॅक पीयूच निवडा.

पांढरं पडतंय

इथे फार खोलात जायला नको. स्पिरिट किंवा थिनर भरभर उडतं, उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, आणि श्रावणातल्या दमट हवेतलं पाणी त्या गार थरावर धरतं. तेच धुक्यासारखं आत अडकतं. लाख असेल तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी निसटता बोळा फिरवला की धुकं उडतं. लॅकर असेल तर सावकाश उडणारं रिटार्डर थिनर मिळतं, त्याची हलकी फवारणी. टेबलावर चहाच्या कपाचं पांढरं कडं उठत असेल तर तिथे लाख आहे, आणि गरम भांड्यांची जागा लाखेची नव्हे.

हे म्हणताना मला लाखेला हलकं म्हणायचं नाही. पळस, कुसुम, बोरीवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी ही वस्तू आपल्या हवेत शेकडो वर्षं वापरात आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना आणि गंजिफांना, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांना, ती कशी रसरशीत दिसते ते बघा. देवघर, कोरीव पेटी, पुस्तकांचं कपाट यांना लाखेसारखी सखोल झळाळी दुसऱ्या कशाने येत नाही, आणि खराब झाली तर घरच्या घरी दुरुस्त होते. तिला फक्त पाणी, स्पिरिट आणि उष्णता यांपासून दूर ठेवायचं.

मेलामाइनबद्दल एवढंच, की पक्कं होताना ते डोळे झोंबवणारा वायू सोडतं. लहान मूल किंवा दम्याचं माणूस घरात असेल तर काम घराबाहेर करून घ्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत ते कपाट झोपायच्या खोलीत आणू नका. पीयूचा फवारा मारणाऱ्यानेही नुसता रुमाल बांधून भागत नाही, वाफांसाठीचा मास्कच हवा.

सीलरचा घोळ

बऱ्याचदा वरचा डबा उत्तम असतो आणि खालचा सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला हात, दुसऱ्याच घराण्यातला. घासायला सोपा म्हणून लॅकरचा सँडिंग सीलर मारतात. घासताना त्याची पांढरी भुकटी छान निघते, कारण त्यात साबणाच्या जातीचं द्रव्य असतं. त्यावर पीयू धरत नाही. पीयूखाली पीयूचाच सीलर, मेलामाइनखाली मेलामाइनला चालणारा. तेलकट सागाला अडसर म्हणून खाली लाखेचा पातळ हात देणारे कारागीर आहेत आणि ते बरोबर करतात, फक्त लाख मेण काढलेली हवी. साध्या चपड्यात मेण असतं आणि त्यावरून पीयू घसरतं.

कधी करायचं

आता श्रावणाकडे परत येते, कारण सगळ्याची मुळी तिथेच आहे. आमच्याकडे पावसाळ्यात हवेतला ओलावा ८५-९० टक्क्यांवर असतो आणि लाकूड तो पिऊन बसलेलं असतं. घरातल्या फर्निचरचं लाकूड पॉलिश करताना १२ टक्क्यांच्या आसपास ओलाव्याचं असावं. मीटर नसेल तर जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लाकडावर बसवा आणि एक दिवस उन्हात राहू द्या. प्लास्टिकच्या आत दव धरलं तर थांबा.

पाऊस गेला म्हणजे लाकूड वाळलं असं नाही. दार दिवाळीतही फुगलेलंच असतं, चौकटीत अडकतं ना, तेच सांगतं. ते सहज मिटायला लागलं की वेळ आली. आमच्याकडे ती मार्गशीर्षापासून होळीपर्यंत असते. सकाळचं दव उडाल्यावर सुरू करायचं आणि दुपारी चारच्या आत ब्रश धुवायचा.

गणपती तोंडावर आला आहे आणि दार वाईट दिसतंय, तर सुटलेले पापुद्रे खरवडा, साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडं करा आणि तसंच राहू द्या. तेल किंवा मेण चोळून तात्पुरती चमक आणू नका, ते लाकडात बसतं आणि मार्गशीर्षात खऱ्या वार्निशला धरू देत नाही. पाहुण्यांना दार थोडं जुनं दिसेल. आमच्याकडे त्या वर्षी तसंच दिसलं आणि कुणी काही म्हणालं नाही.

दुकानात

डबा हातात घेऊन बनल्याची तारीख आणि किती महिने टिकेल ते वाचा. झाकणाच्या कडेला गळती नको. आत किंवा बाहेर, कोणत्या वापराचं. एक हात वाळायला किती तास आणि दुसरा हात कधी. सोबत कोणतं थिनर आणि कोणता सीलर, हे डब्यावर नसेल तर कंपनीचा माहितीचा कागद मागा. जो दुकानदार हा कागद काढून देतो त्याच्याकडून मी घेते. चकाकी जास्त म्हणजे दर्जा जास्त असं नाही. मॅट आणि ग्लॉस एकाच मजबुतीचे असू शकतात, आणि बाहेरच्या दाराला मी ग्लॉसच घेते, कारण मॅट करणारी पूड थरात जितकी कमी तितकं ऊन-पाणी बरं सोसतं.

मग त्याच लाकडाचा एक तुकडा, वीतभर पुरे, सुताराकडून मागून घ्या. त्याच पेपरने घासा, तोच सीलर, तेच हात द्या. आठवडाभर वाळू द्या, निम्मा तुकडा रात्रभर पाण्याच्या बादलीत उभा ठेवा, सकाळी वाळवा आणि चिकटपट्टीची ती परीक्षा घ्या. दाराला ब्रश लावायचा तो त्यानंतर.

जवसाच्या तेलाची किंवा तेलाच्या वार्निशची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. अंगणात एकेक पसरून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आमच्या दाराला आता सहावं वर्ष आहे. दर दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधण्याआधी मी खाली बसून तळच्या वीतभर पट्ट्यावर पाणी शिंपडते. थेंब मण्यांसारखे उभे राहिले तर काही करत नाही. पसरून चपटे झाले की मार्गशीर्षाची वाट बघते, ३२० चा पेपर मारते आणि एक हात देते. आतापर्यंत असे दोनच हात लागले आहेत, आणि दोन्ही वेळा दार उतरवून, खालच्या कडेपासून सुरुवात करून.